कोलेस्टेरॉलच्या गोळीनं नसा मऊ होतात का?

कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचं थोडं काटछाट करून केलेलं शब्दांकन.

मंडळी, बीपीच्या गोळीबरोबर कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे अटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असलं एखादं स्टॅटिन पण चालू आहे अशांनी जरा हात वर करा. बघा, अर्धा हॉल. आता ती गोळी कशासाठी असं विचारलं की उत्तर येतं नसा साफ करायला नाहीतर नसा मऊ करायला. त्यातलं मऊ करायचं प्रकरण वाटतं तेवढं सरळ नाहीये आणि मी आज त्यावरच बोलणार आहे.

नसांचं दोन प्रकारे बिघडतं. एक म्हणजे आतल्या अस्तरात चरबी साठून ब्लॉकेज होतं. दुसरं म्हणजे नसेची भिंतच कडक होते, मग ब्लॉकेज असो वा नसो. हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, महाधमनीत, इलॅस्टिन नावाचं प्रोटीन असतं, ते बहुतेक लहानपणीच तयार होतं आणि पुढे फारसं नवीन बनत नाही. पायजम्याचं जुनं इलॅस्टिक कसं ढिलं पडतं आणि मग सगळा ताण कापडावर येतो, आणि कापड काही ताणलं जात नाही, तसंच इथे होतं, इलॅस्टिन झिजतं आणि भार कोलॅजन नावाच्या न ताणणाऱ्या धाग्यांवर येतो. म्हणून म्हातारपणी वरचं बीपी १६५ आणि खालचं ७० असं दिसतं. खालचं नॉर्मल आहे म्हणून काका खूश असतात, पण दोन आकड्यांतलं हे एवढं अंतरच सांगत असतं की भिंत कडक झालीय.

हा कडकपणा मोजता येतो. मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीमधला वेळ मोजायचा आणि त्यावरून नाडीच्या लाटेचा वेग काढायचा, नस जितकी कडक तितकी लाट जोरात पळते. सेकंदाला १० मीटरच्या वर वेग गेला की आम्ही जरा सावध होतो.

आता गोळी. स्टॅटिन लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल बनायचं कमी करतं हे तुम्हाला माहितीच आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून पहिलं स्टॅटिन शोधलं. शिवाय नसेच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटायला ते मदत करतं, सूज कमी करतं, त्यामुळे नस सैलावेल ही अपेक्षा काही अगदीच हवेतली नव्हती. आणि काही छोट्या अभ्यासांत तसं दिसलंही. २००२ साली फक्त वरचं बीपी वाढलेल्या २२ लोकांना अटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम, म्हणजे भरपूर डोस, दिला तर मोठ्या नसांची लवचिकता थोडी सुधारली. पण बावीसच लोक हो! आपल्या सोसायटीच्या मीटिंगला याहून जास्त येतात. आणि सगळ्या छोट्या अभ्यासांचा सूर काही एक नाही.

मोठा अभ्यास म्हणजे अ‍ॅस्कॉट. बीपीचे १०,३०५ पेशंट, कोलेस्टेरॉल काही फार वाढलेलं नाही, निम्म्यांना अटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम आणि निम्म्यांना नुसती खोटी गोळी. पाच वर्षं चालवायचा होता पण साधारण सव्वातीन वर्षांतच थांबवला, कारण हार्ट अ‍ॅटॅक आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून ३६ टक्क्यांनी कमी झाले होते. ३६ ऐकून लगेच भारावून जाऊ नका, प्रत्यक्षात शंभरातल्या ३ जणांऐवजी साधारण २ जणांना त्रास झाला, तरी माझ्या मते हे कमी नाही.

यातल्याच ८९१ जणांचं महाधमनीतलं प्रेशर आणि लाटेचा आकार तपासला तर गोळीवाले आणि बिनगोळीवाले यांच्यात काही फरकच नाही! नसेतल्या लाटेचा वेग थेट मोजला नव्हता हे खरं, पण तरी बघा, अ‍ॅटॅक कमी झाले आणि प्रेशरची लाट होती तशीच राहिली. म्हणजे गोळीचा फायदा बहुधा पहिल्या भानगडीतून येतो, चरबीचा थर शांत राहतो, फुटत नाही. भिंतीचा कडकपणा गेला म्हणून नाही. उलट त्याच अभ्यासात बीपीच्या गोळ्यांची तुलना होती, तिथे दंडावर जवळपास सारखंच बीपी असूनही अ‍ॅटेनोलॉलवाल्यांपेक्षा अ‍ॅम्लोडिपीनवाल्यांचं आतलं प्रेशर चारेक अंकांनी कमी निघालं. म्हणजे कडक नसेचा त्रास आवरायचा तर बीपीची गोळी नीट निवडा, मीठ कमी करा (लोणचं, पापड, फरसाण हे सगळं मिठातच मोजायचं, काकू), पर्वतीची टेकडी चढणं झेपत असेल तर पर्वती, नाहीतर रोजचं चालणं.

हल्ली चेकअप पॅकेजमध्ये 'नसांचं वय' म्हणून एक आकडा छापून देतात. तो जास्त आला म्हणून स्टॅटिनचा डोस वाढवा असं सांगायला कोणी आलं तर मला पटत नाही. आणि तो कमी आला म्हणून गोळी बंद करणं तर मुळीच नको.

पाय दुखतात म्हणून गोळी सोडलेले इथे असतीलच. एका अभ्यासात खोट्या गोळीवरही जवळपास तेवढाच त्रास झाला होता, तरी खरंच दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, बदलून मिळते, कमी डोस चालतो. रात्रीच घ्यायची का असं आत्ता कोणी विचारलं, तर सिमव्हास्टॅटिन रात्री, अटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन कधीही, सकाळच्या चहाबरोबर लक्षात राहत असेल तर सकाळी.