एका दाबात वाडगा

हा साखर ठेवायचा वाडगा, साच्यात दाबून घडवलेल्या काचेचा. दुरून हिऱ्यासारखे पैलू पाडलेला वाटतो. बोट फिरवलं की पैलूंच्या कडा गोलसर लागतात आणि वरून खाली एक बारीक रेघ जाणवते. ती साच्याच्या सांध्याची.

ब्रिटनमध्ये काचेवरचा अबकारी कर वजनावर होता. 1845 साली तो उठला आणि अशी जाडजूड काच परवडू लागली. पुढं इंग्लंडात गेट्सहेडला सोवर्बी आणि डेव्हिडसन, संडरलंडला ग्रीनर या काचकारखान्यांनी ती साध्या घरांत पोचवली.

साचा लोखंडी, बिजागरीनं उघडणारा. एक कामगार सळईवर काचेचा रस उचलून साच्यावर धरतो, दुसरा कात्रीनं तोडतो. सारं कसब या तोडण्यात, आणि माप फक्त नजरेचं! रस कमी पडला तर काठ भरत नाही. जास्त झाला तर दट्ट्या पुरता खाली उतरत नाही आणि तळ जाड राहतो. मग तरफ ओढली की दट्ट्या रसाला नक्षीत दाबतो.

साचा थंड असेल तर काच टेकताक्षणी वरून थिजते, सुरकुत्या पडतात. फार तापला तर काच चिकटते. सुरुवातीच्या नगांवर दाट ठिपके दिसतात ते या सुरकुत्या झाकायला. गरजेतून आलेली ही नक्षी आम्हाला तरी पैलूंपेक्षा देखणी वाटते.

बाहेर काढलेला नग पुन्हा आचेवर धरतात, म्हणजे चकाकी येते. आच जास्त झाली की नक्षी विरघळते. शेवटी सावकाश निववावं लागतं, नाहीतर आतल्या ताणानं काच तडकते.

डेव्हिडसननं 1889 साली 'पर्लाइन' नावाच्या काचेचं पेटंट घेतलं. निळ्या किंवा पिवळ्या काचेचा काठ पुन्हा तापवला की तो दुधासारखा पांढरा होतो. पिवळ्यात युरेनियम असतं. अतिनील दिव्याखाली ती हिरवी उजळते.

आता नग उलटा करून पाहा. मोराच्या डोक्याची खूण म्हणजे सोवर्बी, 1876 पासूनची. चौकटच्या आकाराची खूण, म्हणजे नक्षी नोंदवल्याची, 1842 ते 1883 मधली, तिच्या माथ्यावरचा रोमन तीन म्हणजे काच. 1884 पासून नुसता नोंदणी क्रमांक. मात्र या खुणांवरून कळणारं साल नक्षीच्या नोंदणीचं. तोच साचा पुढंही वर्षानुवर्षं चालायचा, तेव्हा नग त्याच सालचा समजू नका.