वीस किलोंच्या पुढचं ताट

[दृश्य: सोलापूर, पूर्व भाग. सकाळची वेळ. रेशन दुकानासमोर रिकाम्या पिशव्या घेऊन बायकांची रांग. यंत्रावर टेकलेला अंगठा.]

निवेदन :

रेशनवर महिन्याला माणशी ५ किलो धान्य. घरात चार माणसं असली की २० किलो. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य (म्हणजे कमी उत्पन्नाच्या) कुटुंबांना दिलेला हा हक्क आहे, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट मिळतं. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत विड्या वळल्या जातात. हजार विड्यांच्या मापाने मजुरी मिळते. इथला महिन्याचा हिशोब या २० किलोंपासून सुरू होतो.

पोट भरायला या धान्याचा मोठा आधार आहे, त्याला नावं ठेवण्याचं काहीच कारण नाही. पण ताट तेवढ्यावर पुरं होत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराबद्दल नव्या शिफारशी केल्या. २००० उष्मांकांच्या आहारात रोज काय असावं? २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिली दूध, ३५ ग्रॅम दाणे आणि तेलबिया, २७ ग्रॅम तेल. लहान मुलाला कमी लागेल, हमाली करणाऱ्याला जास्त. तरी चार माणसांचा महिना मांडून बघू.

[दृश्य: पाटीवर खडूने लिहिले जाणारे आकडे.]

धान्य ३० किलो. त्यातलं २० रेशनवर आलं. डाळी-कडधान्यं १० किलो. भाजी ४८ किलो. शेंगदाण्यासारख्या तेलबिया ४ किलोंच्या वर. दूध ३६ लिटर. हे सगळं रोखीने आणायचं. म्हणून काटकसरीत नीट जेवायचं असेल तर कस लागतो तो या उरलेल्या बाजूला, आणि हातातली नोट आधी कुठे मोडायची ते इथे ठरतं.

आधी धान्यातला १० किलोंचा खड्डा भरू. तो ज्वारीने भरावा. इथून जवळच मंगळवेढा आहे. तिथल्या खोल काळ्या जमिनीत धरलेल्या ओलाव्यावर मालदांडी ज्वारी येते. बऱ्याच रानांना पेरल्यावर पाणी देण्याची वेळच येत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या सुगीला आवक वाढते आणि भाव उतरतो. तेव्हा पोतं घेतलं, उन्हात चांगलं वाळवलं आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरलं, की वर्षाची भाकरी घरात आली.

पण पोत्याचे पैसे एकदम आणायचे कुठून? खरी अडचण इथे आहे. हातावरचं पोट असलेलं घर दहा रुपयांची डाळ आणि पाच रुपयांची साखर पुडीत आणतं, आणि किलोने घेणाऱ्यापेक्षा महाग आणतं. बचत गटातल्या चार-पाच जणींनी मिळून एक पोतं उचललं आणि पायलीने वाटून घेतलं, तर ठोक भावाचा फायदा प्रत्येकीला मिळतो. कर्ज देण्या-घेण्यापुरता राहिलेला गट या कामाला जरूर लावावा.

[दृश्य: संध्याकाळचा भाजीबाजार. पोत्यावर मांडलेले वाटे.]

बाजार उठायच्या वेळी भाजीचे वाटे लागतात. वांगी, गवार, भोपळ्याची फोड. सकाळी चढ्या भावाने गेलेली मेथी आता दोन जुड्या मिळून एका जुडीच्या पैशात येते, कारण ती उद्यापर्यंत टिकणार नाही. पालेभाजी घ्यावी ती या वेळी, आणि आणल्या दिवशीच शिजवावी. हिवाळ्यात करडईची कोवळी भाजी आणि हरभऱ्याचा पाला असतो. पावसाळ्यात घोळ आणि तांदुळजा. बांधावरून खुडून आणली तर फुकट. शेवग्याच्या शेंगा लोक विकत घेतात, पाला मात्र बहुतेक ठिकाणी झाडावरच राहतो. त्यात कॅल्शियम भरपूर असतं. पीठ पेरून केलेली त्याची भाजी भाकरीबरोबर छान लागते.

[दृश्य: जवळून. तव्यावर तडतडणारे शेंगदाणे. सुपात पाखडून उडणारी साल.]

आता शेंगदाण्यापाशी जरा थांबू या. सोलापूरची शेंगाचटणी लोक आता पाकिटातून नेतात, पण ती मुळात भाकरीबरोबरचं रोजचं तोंडीलावणं. दाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, चोळून साल पाखडायची. उखळात लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून कुटत राहायचं. आधी कोरडा भुगा होतो. मुसळ चालूच ठेवलं की दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर होऊन बोटाला चिकटते. वरून थेंबभर तेल लागत नाही.

दाण्याचा भाव किलोला दीडशे रुपये धरला, तरी ५ रुपयांत ३३ ग्रॅम दाणे येतात आणि त्यात ८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. त्याच ५ रुपयांचा ग्लुकोज बिस्किटाचा पुडा घेतला, तर त्यात जवळपास चौथा हिस्सा साखर, उरलेला बहुतेक मैदा. पोराच्या हातात पुडा देणं सोपं आहे, त्याला लगेच गप्प करतं. विड्यांचा माल वेळेत पुरा करायचा असलेल्या आईला त्याबद्दल कोण बोल लावणार? पण दर आठवड्याच्या बिस्किटांच्या पैशांतून दाणे आणि गूळ आणून लाडू वळून ठेवले, तर तेही हातात द्यायला तेवढेच सोपे आहेत.

[दृश्य: ओल्या फडक्याची गाठ सुटते. आत मोड आलेली मटकी.]

मटकीचंही तसंच. रात्री भिजत घालायची, सकाळी निथळून फडक्यात घट्ट बांधायची. इथल्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसतात. थंडीत एक दिवस जास्त. मोड आले की दाण्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. भिजलेलं कडधान्य लवकर शिजतं, म्हणजे गॅसही वाचतो. उसळीवर लिंबू पिळलं तर आणखी चांगलं. जेवणावर लगेच चहा मात्र नको. चहा लोह शोषू देत नाही, आणि महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा ५४.२ टक्के.

[दृश्य: सुपात तांदूळ. बोटांनी वेचले जाणारे वेगळे दाणे.]

आणखी एक गोष्ट याच रक्तक्षयाशी जोडलेली. रेशनच्या तांदळात कधी कधी मधूनच वेगळ्या रंगाचा दाणा दिसतो. प्लास्टिकचा म्हणून बायका तो निवडून टाकतात. तो प्लास्टिकचा नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळून तो बनवलेला असतो आणि शंभर दाण्यांत एक असा घातलेला असतो. निवडून टाकला तर ज्या बाईला लोहाची गरज आहे, तिच्याच ताटातून ते जातं. दुकानदाराने पिशवी भरताना एवढं सांगितलं तरी खूप झालं.

[दृश्य: रात्रीचं जेवण. पातेल्यात तळाशी उरलेली आमटी.]

एवढं करूनही ३६ लिटर दूध बसत नाही. लिटरला पन्नास रुपये धरले तरी १८०० रुपये होतात. नाचणीत कॅल्शियम दुधापेक्षा जास्त असतं, तिळात असतं, पाल्यात असतं. त्यावर मोठ्यांचं थोडंफार भागेल. थोडं दूध येतं ते मुलांना जातं, आणि ते बरोबरच आहे. पण डाळही शेवटी जेवणाऱ्या बाईपर्यंत पातळ होऊन पोचते. तिची वाटी आधी काढून ठेवायला पैसा लागत नाही. घरातल्या पुरुषांनी आणि सासूबाईंनी तेवढं बघावं.

उरलेलं काम सरकारचं आहे. तमिळनाडूत रेशन कार्डावर दरमहा किलोभर तूरडाळ ३० रुपयांना आणि लिटरभर पामतेल २५ रुपयांना देण्याची योजना बरीच वर्षं चालू आहे. महाराष्ट्रानेही २०२२च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल दिलं होतं. म्हणजे दुकानं आहेत, यंत्रं आहेत, डाळ पोचवण्याची वाट माहीत आहे. साखर आणि रवा नका देऊ. चौघांना लागणाऱ्या १० किलोंपैकी २ किलो डाळ दर महिन्याला याच रांगेत, सणाची वाट न बघता मिळू द्या. वाचलेल्या पैशांतून या घरात दूध येईल.

[दृश्य: रेशन दुकानाच्या फळ्यावर लिहिलेली धान्यांची नावं. गहू. तांदूळ. खाली मोकळी जागा.]