पत्ता बदलत राहणारे पूल

ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या स्नोफ्लेकच्या छोट्या चिन्हावर क्लिक केलं की एक आकडा दिसतो. गेल्या 24 तासांत या संगणकाच्या आधाराने किती जण सेन्सॉरशिप ओलांडून गेले, त्याचा हा आकडा. ते कोण होते, काय वाचत होते, हे संगणकाच्या मालकाला कळत नाही. कळू नये, अशीच रचना आहे.

स्नोफ्लेक हे टॉरचं एक साधन. टॉर म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरू देणारं जाळं, आणि ते जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर उभं आहे. आपली विनंती अशा तीन संगणकांमधून, म्हणजे रिलेंमधून, जाते. पहिल्याला माणूस दिसतो, पण तो कुठे चाललाय ते कळत नाही. शेवटच्याला ठिकाण दिसतं, माणूस दिसत नाही. मधला दोन्हींबाबत अंधारात.

अडचण एवढीच, की रिलेंची यादी सगळ्यांसाठी खुली असते. चीनने 2009 मध्ये त्या यादीतलेच पत्ते अडवले. ब्रिज, म्हणजे पूल, लागतात ते इथे. ब्रिजही रिलेच, पण त्याचा पत्ता यादीत नसतो. मग चिनी यंत्रणा संशयित पत्त्यांशी टॉरच्या भाषेत स्वतःच बोलून पाहू लागली. तसंच उत्तर आलं की पत्ता बंद! त्यामुळे पुढचे ब्रिज असे घडवले गेले, की गुप्त किल्ली नसलेल्याला ते दादच देत नाहीत.

स्नोफ्लेकने आणखी वेगळी वाट धरली. कायमचा पत्ताच नको. कुणाच्याही घरचा चालू ब्राउझर काही वेळापुरता टॉरपर्यंतचा दुवा होतो. तो गेला की दुसरा. आणि ही वाहतूक व्हिडिओ कॉलसारखी दिसते. सप्टेंबर 2022 मध्ये हिजाबवरून अटक झालेल्या महसा अमिनी या तरुणीच्या कोठडीतल्या मृत्यूनंतर इराण निदर्शनांनी पेटला, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप बंद झाले, तेव्हा तिथून स्नोफ्लेक वापरणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. अर्थात, सरकारने इंटरनेटच पूर्ण तोडलं, तर हा दुवाही चालत नाही.

सगळ्यात जास्त झळ सोसतात ते एक्झिट, म्हणजे शेवटचा, रिले चालवणारे. वेबसाइटला त्यांचाच पत्ता दिसतो, म्हणून दुसऱ्या कुणाच्या गैरवापराची तक्रार त्यांच्याच दारी येते. तरीही ते रिले चालू ठेवतात, ही फार मोठी गोष्ट आहे. घरच्या कनेक्शनवर एक्झिट चालवू नका, असं टॉर प्रकल्पही सांगतो. स्नोफ्लेकमध्ये हा धोका नाही, कारण वेबसाइटपर्यंत स्वयंसेवकाचा पत्ता पोचतच नाही. जिथे टॉरवर बंदी नाही, तिथे फायरफॉक्समध्ये किंवा क्रोममध्ये एक एक्स्टेंशन बसवलं की काम सुरू होतं.