बिट शिरेल एवढी जागा

[सूक्ष्मदर्शकाखाली पॅड आणि चिमटा]
सर्किट बोर्डवर हाताने पार्ट जोडणं चाललंय. चिमट्यात आहे तो ०६०३ मापाचा रेझिस्टर. लांबी १.६ मिलिमीटर, रुंदी ०.८. एका पॅडवर, म्हणजे पार्ट जोडायच्या तांब्याच्या चौकोनावर, आधीच थोडं सोल्डर घेतलंय. ते वितळवायचं, रेझिस्टर सरकवून बसवायचा, मग दुसऱ्या बाजूला सोल्डरचा टाका मारायचा. आता बिट, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं टोक, कुठे टेकलंय बघा: रेझिस्टरच्या बाहेर उरलेल्या पॅडवर. ही जागा बोर्ड आखणाऱ्याने सोडलेली असते. कीकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये याच रेझिस्टरचे दोन फूटप्रिंट, म्हणजे पॅडच्या तयार आखण्या, मिळतात, एक मशीनसाठी, दुसरा हाताने जोडणाऱ्यासाठी. हातासाठीचा पॅड जरा लांब. फरक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. कारागिराला तेवढा पुरतो.

[दोन बोर्ड शेजारी शेजारी]
डावीकडे बिट केव्हाचं टेकवून ठेवलंय, सोल्डर वितळायचं नाव घेत नाही. पॅड ग्राउंडच्या अख्ख्या तांब्याला जोडलाय, सगळी उष्णता तिकडे पळते. उजवीकडे पॅड आणि तांब्यामध्ये फक्त चार बारीक पट्ट्या, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. टाका लगेच पसरला. थर्मल रिलीफ म्हणतात याला. सॉफ्टवेअरमध्ये एक पर्याय निवडायचा, बस्स. तरी काही जण निवडत नाहीत. पॅडमधून जास्त करंट जाणार असेल तर गोष्ट वेगळी.

[बोर्ड उलटा होतो]
क्यूएफएन म्हणजे बाहेर पाय न निघणारी चपटी आयसी. तिचा मोठा पॅड पोटाखाली. तिथे बिट पोचणार कसं? म्हणून मधोमध मोठं भोक पाडलंय, सोल्डर मागून भरायचं. मशीनवर हेच भोक सोल्डरची पेस्ट गिळतं, त्यामुळे ही सोय हातकामापुरतीच.

[कनेक्टरची भोकं, जवळून]
ही ओळ वाकडी दिसते ना? मुद्दाम आहे. एक भोक किंचित वर, पुढचं किंचित खाली. अमेरिकेतल्या स्पार्कफनने आपल्या बोर्डांवर ही युक्ती वापरली. पिना भोकांत अडकून बसतात. बोर्ड उलटा धरलाय, कनेक्टर जागचा हलला नाही. दोन्ही हात मोकळे.

[गरम हवेचा ब्लोअर, उखडलेला पॅड]
पार्टभोवती जागाच सोडली नाही, तर दुरुस्तीत पार्ट काढताना पॅडही उखडू शकतो आणि बोर्ड भंगारात जाऊ शकतो.

[कागदावरची छापील आखणी]
फाइल कारखान्यात पाठवण्याआधीचा हा कागद. आखणी १:१ मापात छापलीय, त्यावर खरे पार्ट ठेवून बघायचे. इथे इंडक्टर कपॅसिटरला खेटलाय, मधे बिट शिरत नाही. कपॅसिटर दोन मिलिमीटर सरकवला. मग फाइल गेली.