घाटात उतरणारा डॉक्टर

नमस्कार श्रोतेहो. एअर अ‍ॅम्ब्युलन्स म्हटलं की आपल्या इंदूरकरांच्या डोळ्यांसमोर विमानतळच येतो. पेशंट मोठ्या इस्पितळातून निघाला, विमानात चढला, मुंबईला पोहोचला. तीही सोय हवीच. आज मात्र मला बोलायचंय ते उलट दिशेने जाणाऱ्या मदतीबद्दल, डॉक्टरला घेऊन पेशंटकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरबद्दल.

माझी सगळी नोकरी कॅज्युअल्टीत गेली. निमाडातल्या सेंधवा, बडवानीकडून येणारे अपघाताचे पेशंट वर्षानुवर्षं पाहिले. पिकअपमध्ये गादी, गादीवर पेशंट आणि सलाइनची बाटली उंच धरून बसलेला भाचा. ए.बी. रोडवरचा, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यावरचा गणेश घाट तर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी कुप्रसिद्धच. पोटात रक्तस्राव सुरू असला, की वाटेतले तीन तास त्या माणसाच्या आयुष्यातूनच वजा होतात.

इंदूरहून बडवानी रस्त्याने दीडशे किलोमीटर, सरळ रेषेत सव्वाशेच्या आसपास. हलकं हेलिकॉप्टर अर्ध्या तासात तिथे पोहोचतं. वेळ वाचतो तो आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उपचार तिथेच सुरू होतात. श्वासनलिकेत नळी घालायची, छातीत कोंडलेली हवा सुई टोचून बाहेर काढायची, ही कामं इंदूरला पोहोचेपर्यंत थांबत नाहीत.

जर्मनीने हे फार आधी ओळखलं. 1 नोव्हेंबर 1970 रोजी म्युनिकमध्ये ‘क्रिस्टोफ 1’ हे हेलिकॉप्टर कामाला लागलं. त्याचं मॉडेल होतं ‘बो 105’, आटोपशीर आणि दोन इंजिनांचं. पुढे त्याच घराण्यात ‘ईसी 135’ आलं. त्याचं पहिलं उड्डाण 1994 चं. वजन माणसं, सामान, इंधन सगळं धरून तीन टनांच्या आत, आणि वरच्या पात्यांच्या चक्राचा व्यास जेमतेम दहा मीटर. म्हणून ते गावातल्या शाळेच्या मैदानातही उतरू शकतं.

दोन इंजिनं कशासाठी? इस्पितळाच्या गच्चीवरून उठताना किंवा दाट वस्तीवरून जाताना एक इंजिन बंद पडलं, तर खाली उतरायला मोकळी जागा नसते. अशा वेळी दुसरं इंजिन थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त ताकद देतं आणि वैमानिकाला सुरक्षित जागा गाठता येते. मला याचं फार अप्रूप वाटतं. एरवी निम्माच भार वाहणारं इंजिन त्या काही सेकंदांसाठीच तयार ठेवलेलं असतं.

‘ईसी 135’च्या शेपटीचा पंखाही उघडा नाही, गोल कड्यात बंदिस्त आहे. शेपटी उंच असते आणि मागचे दरवाजे दोन्ही बाजूंना उघडतात, तिथूनच स्ट्रेचर सरळ आत सरकतं. मात्र म्हणून कुणी आपल्या मनाने मागून जाऊ नये. पाती फिरत असताना समोरून, वैमानिकाला दिसेल असंच जायचं, आणि तेही त्याने खूण केल्यावर. हेलिकॉप्टर उतारावर थांबलं असेल तर चढाच्या बाजूने अजिबात जायचं नाही, तिकडे पाती डोक्याच्या उंचीवर येतात. ओढणी, पदर, गमछा आवरून घ्या. वाळत घातलेल्या चादरी, ताडपत्र्या, रिकामी पोती आधीच उचला. आणि विजेच्या तारा! वरून त्या दिसतच नाहीत. जागा सुचवताना तारा कुठून जातात ते पहिल्यांदा सांगा. गर्दीला लांब थोपवायला गावातली चार धट्टीकट्टी मुलं उभी करा. मोबाइलवर शूटिंग करायला धावणारे लोक हाच खरा अडथळा असतो.

आपल्या मध्य प्रदेशात 2024 साली पीएम श्री एअर अ‍ॅम्ब्युलन्स सेवा सुरू झाली, एक विमान आणि एक हेलिकॉप्टर घेऊन. आयुष्मान कार्ड असलेल्या पेशंटला पैसे पडत नाहीत. एवढ्या मोठ्या राज्याला एक हेलिकॉप्टर कसं पुरणार? माळवा-निमाडसाठी एक स्वतंत्र हेलिकॉप्टर इंदूरलाच असावं, डॉक्टरसह सज्ज, ही माझी आग्रहाची मागणी आहे. तोवर निमाडात ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी एक करावं. ही सेवा जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी आणि कलेक्टर यांच्यामार्फत मिळते. त्या दोन्ही कचेऱ्यांचे फोन नंबर 108 च्या शेजारी लिहून ठेवायला त्यांना आज रात्रीच सांगा.