तुमचं नाव काय, बाई?

मंडळी, मी पेशानं मास्तर, त्यामुळे जनगणना आणि मतदार याद्या ही कामं माझ्या पाचवीला पुजलेली. एकदा यादीचं काम करत एका वाड्यात गेलो. ओसरीवर एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. विचारलं, ‘आजी, नाव काय तुमचं?’ त्यांनी आत वळून सुनेला हाक मारली, ‘अगं, माझं नाव काय लावलंय रेशनकार्डावर?’ माहेरचं नाव यमुना, लग्नात तांदळावर लिहिलेलं लक्ष्मी, आणि गावाला त्या ठाऊक ‘बाळूची आई’ म्हणून. मला हसू आलं. पुढे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीबद्दल वाचायला लागलो, तेव्हा मात्र ते हसू जरा महागात पडल्यासारखं वाटलं.

स्वातंत्र्याआधीही आपल्याकडे निवडणुका होत होत्या, हे आपण विसरतो. पण इंग्रजांच्या १९३५च्या भारत सरकार कायद्यात मत माणसाला नव्हतं, त्याच्या ऐपतीला होतं. तुम्ही शेतसारा किती भरता, इन्कम टॅक्स भरता का, शिकलात किती, हे पाहून नाव यादीत यायचं. १९३७ साली सुमारे तीन कोटी मतदार होते, म्हणजे प्रौढांमधला साधारण पाचवा हिस्सा. बायकांचं काय? सरोजिनी नायडूंच्या शिष्टमंडळानं १९१७ सालीच इंग्रज सरकारचे भारतमंत्री मॉंटेग्यू यांना भेटून मताधिकार मागितला होता. मद्रास आणि मुंबई प्रांतांनी १९२१ मध्ये तो दिलाही, पण ऐपतीच्याच अटीवर. आता जमीन बाईच्या नावावर असणार कुठून? म्हणून १९३५च्या कायद्यानं बऱ्याच प्रांतांत वाट काढली ती अशी, की नवरा पात्र असेल तर बायकोही पात्र. म्हणजे मत मिळालं, पण कोणाची तरी बायको म्हणून मिळालं. शिकलेल्या बायकांसाठी दुसरी वाट होती, पण शिकलेल्या होत्या किती?

राज्यघटनेच्या कलम ३२६नं हे सगळं एका फटक्यात पुसलं. वय २१ पूर्ण आहे ना, मग दे मत. सारा नको, शाळा नको, नवराही नको. (२१चे १८ झाले ते पुढे १९८९ मध्ये, ६१व्या घटनादुरुस्तीनं.) बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे १९२८ सालीच प्रौढ मताधिकार मागितला होता, तेव्हा अनेक शहाण्यांना तो आततायीपणा वाटला होता.

कायदा झाला, पण यादी कुणीतरी दारोदार फिरून लिहायचीच होती. मतदार झाले १७ कोटींहून जास्त. उत्तरेत बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान या भागांत लिहिणारा दाराशी गेला की बाई परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगेना. मग त्यानं लिहून घेतलं, अमक्याची बायको, तमक्याची मुलगी. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे हा गठ्ठा आला. गणित शिकलेला माणूस, सनदी अधिकारी. ते म्हणाले, हे नाव नव्हे, नावं दुरुस्त करून आणा. मुदत दिली. तरी सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावं मिळालीच नाहीत, आणि ती यादीतून वगळली गेली.

सेन यांचं चुकलं का? मी यावर बरीच वर्षं डोकं खाजवलंय. व्यवहाराच्या बाजूनं पाहा. केंद्रावर ओळख पटवायची तर नाव लागतं. ‘रामलालची बायको’ म्हणून कोणीही येऊन उभी राहील. शिवाय तेव्हा देशाच्या बऱ्याच भागांत हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला कायद्याची आडकाठी नव्हती. रामलालच्या दोघी निघाल्या तर मत कुणाचं? पण हेही खरं, की नाव लपवायची रीत घातली घरानं, लिहिताना आळस केला कारकुनानं, आणि मत गेलं बाईचं. सेन यांचा अंदाज होता की या धक्क्यानं पुढच्या वेळी बायका नावं सांगतील. हिशेब म्हणून मला तो पटतो. पण त्या २८ लाखांमधल्या कितीजणी पुढच्या निवडणुकीपर्यंत जगल्या नसतील, हा विचार काही जात नाही.

आपल्याकडची गंमत याच्या बरोबर उलटी. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, घेतलंच तर उखाण्यात. तिकडे मात्र नवऱ्याचं नाव यादीत ठसठशीत, आणि बाईचं गायब.

मत देण्याची पद्धत बघा किती सोपी ठेवली होती. मतपत्रिका नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली, साधारण रुपयाच्या नोटेएवढी. तिच्यावर उमेदवाराचं नावच नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. पडद्याआड जायचं आणि कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. शिक्का नाही, खूण नाही. या लोखंडी पेट्यांपैकी बारा लाखांहून जास्त आपल्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. म्हणजे मत द्यायला एक अक्षर यावं लागत नव्हतं. पण त्या पडद्यापर्यंत पोचायला स्वतःचं नाव मात्र लागत होतं.

ऑक्टोबर १९५१ मध्ये हिमाचलातल्या चिनी नावाच्या तालुक्यात, बर्फ पडायच्या आत, पहिलं मतदान झालं, आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत ते देशभर चालू राहिलं.

त्या आजींचं सांगायचं राहिलं. मी विचारलं, ‘मग कोणतं लिहू, यमुना की लक्ष्मी?’ हातातली शेंग तशीच धरून त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘यमुनाच लिहा.’ सूनबाई आतून कार्ड घेऊन आल्या. ‘अहो सर, कागदावर लक्ष्मी आहे.’ मी लक्ष्मी लिहिलं, खाली नवऱ्याचं नाव लिहिलं, आणि पुढच्या दाराकडे वळलो.