पंचेचाळिसाचा ताळेबंद : किलर सुडोकू तर्काने सोडवताना

नमस्कार. साधे सुडोकू आपल्यापैकी बहुतेकांनी वर्तमानपत्रात सोडवले असेल, त्यामुळे त्याचे नियम मी पुन्हा सांगत बसणार नाही. आज ज्या प्रकाराबद्दल बोलायचे आहे त्यात तक्ता तोच असतो, ९ आडव्या ओळी, ९ उभ्या ओळी आणि ३ × ३ चे ९ चौकोन. मात्र सुरुवातीला त्यात एकही अंक छापलेला नसतो. त्याऐवजी तुटक रेषांनी काही घरे एकत्र बांधलेली असतात आणि प्रत्येक गटाच्या कोपऱ्यात त्या गटाची बेरीज लिहिलेली असते. या गटाला इंग्रजीत केज म्हणतात, मी पिंजरा म्हणेन. एका पिंजऱ्यात एकच अंक दोनदा येत नाही, एवढा एकच नियम नव्याने लक्षात ठेवायचा.

साध्या सुडोकूत उत्तर एकच यायचे असेल तर किमान १७ अंक आधी द्यावे लागतात, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांनी २०१२ मध्ये संगणकाच्या मदतीने दाखवून दिले. इथे मात्र दिलेल्या अंकांची संख्या शून्य असूनही उत्तर एकच येते, कारण माहिती बेरजांमध्ये साठवलेली असते. जपानमध्ये हा प्रकार १९९० च्या दशकातच रुळलेला होता आणि २००५ मध्ये लंडनच्या टाइम्सने तो छापायला सुरुवात केल्यावर इंग्रजी वाचकांना त्याची ओळख झाली. ‘किलर’ हे नाव ऐकून अनेक जण दचकतात आणि अवघड कोडे समोर आले की अंदाजाने एखादा अंक लिहून पुढे जाऊ लागतात. माझे सांगणे एवढेच आहे की हे कोडे हिशेबनिसासारखे सोडवावे. एका घरात कोणता अंक येईल हा प्रश्न शेवटचा असतो. आधी एका संपूर्ण भागाची जमा आणि नावे जुळवून पाहायची असते.

१ ते ९ यांची बेरीज ४५. म्हणून प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक चौकोनाची बेरीज ४५ असते, दोन ओळींची ९० आणि तीन ओळींची १३५. समजा, एका चौकोनातील आठ घरे पूर्णपणे आतच असलेल्या पिंजऱ्यांनी व्यापली आहेत आणि त्या पिंजऱ्यांची एकूण बेरीज ३८ आहे, तर उरलेल्या नवव्या घरात ७ असलाच पाहिजे. उलट, एखाद्या ओळीला व्यापणारे सगळे पिंजरे मिळून त्या ओळीबाहेर फक्त एकच घर जात असेल आणि त्यांची बेरीज ४८ असेल, तर बाहेरच्या त्या घरात ३ आहे. पहिल्याला आतली शिल्लक म्हणू, दुसऱ्याला बाहेरची शिल्लक. पुष्कळदा दोन्ही एकाच वेळी असतात, म्हणजे चौकोनातले एक घर हिशेबात आलेले नसते आणि चौकोनाबाहेरचे एक घर हिशेबात शिरलेले असते. तेव्हा बेरीज कळत नाही, पण फरक कळतो. मोजलेल्या पिंजऱ्यांची बेरीज ५१ असेल तर बाहेरचे घर आतल्या घरापेक्षा बरोबर ६ ने मोठे असणार. आत १, २ किंवा ३ आणि बाहेर ७, ८ किंवा ९. दोन घरांचे प्रत्येकी नऊ पर्याय एका वजाबाकीने तीनवर येतात, तेही एक अंक न लिहिता.

ताळेबंदाला जोड लागते ती पिंजऱ्यांच्या फोडींची. दोन घरांत ३ म्हणजे १ आणि २ च, ४ म्हणजे १ आणि ३ च, १६ म्हणजे ७ आणि ९ च, १७ म्हणजे ८ आणि ९ च. तीन घरांत ६, ७, २३ आणि २४ यांची फोड एकेकच. चार घरांत १०, ११, २९ आणि ३० यांची. मधल्या बेरजांना मात्र पर्याय वाढत जातात आणि तीन घरांत १५ बसवण्याच्या आठ रीती होतात. हे सगळे पाठ करावे असे मी म्हणणार नाही. पाठ करण्यापेक्षा एक निराळी सवय अधिक कामाची आहे : ज्या बेरजेला दोन-तीन फोडी आहेत, तिच्या सगळ्या फोडींमध्ये कोणता अंक समान आहे ते पाहावे. तीन घरांत ८ असेल तर १-२-५ किंवा १-३-४, म्हणजे १ नक्की. तीन घरांत २२ असेल तर ५-८-९ किंवा ६-७-९, म्हणजे ९ नक्की. चार घरांत १२ असेल तर १ आणि २ दोन्ही नक्की. अंक कोणत्या घरात आहे हे ठाऊक नसतानाही, ज्या बाहेरच्या घराला त्या पिंजऱ्यातील सगळी घरे ‘दिसतात’, म्हणजे ज्याची त्या प्रत्येक घराशी ओळ किंवा चौकोन सामाईक आहे, त्या घरातून तो अंक खोडता येतो.

इथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. बेरीज दिली असता अंकांच्या मांडण्या किती, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० मध्ये लिहिलेल्या ग्रंथात, शेवटी अंकपाश नावाचे प्रकरण आहे आणि त्यात विचारले आहे की पाच स्थानांवरील अंकांची बेरीज १३ होईल अशा संख्या किती. शून्य वगळून उत्तर येते ४९५. त्या प्रश्नात अंक पुन्हा येऊ शकतात. आपल्या पिंजऱ्यात ते येऊ शकत नाहीत आणि पाच वेगवेगळ्या अंकांची लहानात लहान बेरीज १५ असते, त्यामुळे पाच घरांच्या पिंजऱ्यावर १३ कधीच लिहिलेले दिसणार नाही. एका अटीने ४९५ चे शून्य होते. चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख आहे, तो पाहताना मला हा प्रश्न आठवला होता.

आता एक कोपरा सविस्तर सोडवू, कारण खरी गंमत फोडी आणि ताळेबंद एकमेकांत मिसळतात तेव्हाच कळते. कागद घेऊन डाव्या वरच्या चौकोनाचे चित्र काढा. पहिल्या उभ्या ओळीतील वरची चार घरे मिळून २६ चा पिंजरा आहे; म्हणजे त्याची तीन घरे आपल्या चौकोनात आहेत आणि चौथे खाली बाहेर गेले आहे, त्या चौथ्या घराला क म्हणू. दुसऱ्या उभ्या ओळीतील वरची तीन घरे मिळून ८ चा पिंजरा. तिसऱ्या उभ्या ओळीतील दुसरे आणि तिसरे घर मिळून ७ चा पिंजरा. उरले तिसऱ्या उभ्या ओळीतील सर्वांत वरचे घर, त्याला अ म्हणू; ते उजवीकडच्या शेजाऱ्याबरोबर, म्हणजे ब बरोबर, १० च्या पिंजऱ्यात आहे.

८ च्या पिंजऱ्यात १ नक्की असल्यामुळे ७ ची फोड १-६ होऊ शकत नाही. म्हणून ८ जर १-२-५ असेल तर ७ म्हणजे ३-४, आणि ८ जर १-३-४ असेल तर ७ म्हणजे २-५. दोनपैकी काय खरे ते अजून माहीत नाही, पण दोन्ही मिळून पाच घरांत १, २, ३, ४, ५ हेच अंक आहेत, हे ठरले. एकेकटा पाहिला तर अनिश्चित असलेला पिंजरा शेजाऱ्याबरोबर पाहिला की निश्चित बोलू लागतो; अवघड कोड्यांत सर्वांत जास्त दुर्लक्षित होणारी गोष्ट मला हीच वाटते. त्यामुळे पहिल्या उभ्या ओळीतील वरची तीन घरे आणि अ, या चार घरांत ६, ७, ८, ९ राहतात.

ताळेबंद मांडू. चार पिंजऱ्यांची बेरीज २६ + ८ + ७ + १० = ५१, चौकोनाचे ४५, म्हणून ब आणि क मिळून ६. अ हा ६ ते ९ मधला असल्याने ब हा ४ ते १ मधला. जोडीने क म्हणजे अनुक्रमे २, ३, ४, ५. चार शक्यता झाल्या : ब-क ही जोडी ४-२, ३-३, २-४ किंवा १-५.

यातल्या ३-३ जवळ मला थांबायचे आहे. ब आणि क यांची आडवी ओळ वेगळी, उभी ओळ वेगळी, चौकोन वेगळा आणि पिंजराही वेगळा. तेव्हा दोन्हींत ३ यायला काहीच हरकत नाही. शिलकी घरांची बेरीज मिळाली की आपण नकळत त्यांना पिंजरा समजतो आणि पिंजऱ्याचा न-पुनरावृत्तीचा नियम लावून टाकतो. मी स्वतः कित्येक वर्षे ही चूक करत होतो. कोडे शेवटच्या दहा घरांपर्यंत सुरळीत जायचे आणि मग एका ओळीत दोन ४ यायचे. दोष कुठे शिरला ते सापडायचे नाही, कारण दोष अर्ध्या तासापूर्वी खोडलेल्या एका निरपराध शक्यतेत असायचा. आता मी शिलकी घरांची बेरीज लिहिताना बाजूला एक छोटी खूण करतो : ही घरे एकमेकांना दिसतात की नाही.

पुढे जाऊ. समजा, वरच्या मधल्या चौकोनात कुठेतरी दोन घरांचा ४ चा पिंजरा आहे. तो १-३ असल्याने ब मध्ये १ किंवा ३ येणार नाही. उरले ब = ४ किंवा २, म्हणजे अ = ६ किंवा ८. ३-३ ही शक्यता गेली, पण आता ती कारणाने गेली. अ मध्ये ७ किंवा ९ नसल्यामुळे ते दोन्ही पहिल्या उभ्या ओळीच्या वरच्या तीन घरांत आहेत आणि त्या ओळीत खाली कुठेही ते येऊ शकत नाहीत. त्याच ओळीतील पाचवे आणि सहावे घर मिळून १३ चा पिंजरा असेल, तर त्याच्या फोडी ४-९, ५-८ आणि ६-७; पहिली ९ मुळे बाद, तिसरी ७ मुळे बाद, म्हणून ५-८. म्हणजे ८ खाली गेला, तो वरच्या तीन घरांत नाही, म्हणून तो अ मध्ये आहे. अ = ८, ब = २, क = ४, आणि वरच्या तीन घरांत ६, ७, ९, ज्यांची बेरीज २२ क च्या ४ बरोबर २६ होते. शिवाय पहिल्या उभ्या ओळीतील सहा घरांचे अंक कळल्यामुळे तळाच्या तीन घरांत १, २, ३ च उरतात, म्हणजे तीन घरांपलीकडच्या दुसऱ्या चौकोनातही प्रवेश मिळाला. या साखळीतील प्रत्येक कडीला ‘कारण’ हा शब्द लावून वाक्य बोलता येते. असे वाक्य बोलता येत नसेल तर अंक लिहू नये.

अंदाजाविषयी मला नेहमी विचारले जाते. ‘इथे ५ धरून पाहू, विसंगती आली तर खोडू’ हेही तर्कशास्त्रच आहे, असे म्हणणाऱ्यांशी माझा तत्त्वतः वाद नाही. विसंगती दोन-तीन पायऱ्यांत येत असेल तर मीही ती वापरतो. वर ७ ची फोड १-६ नाही हे आपण तसेच ठरवले. पण वीस घरे भरून मग विसंगती सापडली तर ती एक शक्यता खोडण्यापलीकडे काही शिकवत नाही, आणि ती सापडली नाही तर उत्तर एकमेव आहे हे सोडवणाऱ्याला कळलेले नसते. अडलो की मी अंदाजाकडे न जाता भाग मोठा करतो. एका चौकोनाचा ताळेबंद जमत नसेल तर शेजारच्या दोन चौकोनांचा मिळून ९० शी जमतो का ते पाहतो, तीन उभ्या ओळींचा १३५ शी जमतो का ते पाहतो. वेडेवाकडे पिंजरे एकमेकांची बाहेर गेलेली घरे पुष्कळदा पोटात घेतात आणि सीमेवर एक-दोनच घरे उरतात.

भाग मोठा करण्याचा सर्वांत सुंदर नमुना फिस्टोमेफेल या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या जर्मन रचनाकाराच्या नावाने ओळखला जातो. तिसरी आणि सातवी आडवी ओळ, तसेच मधल्या पट्ट्यातील डावा आणि उजवा चौकोन, अशा चार भागांचा एक ढीग करा. पहिली, दुसरी, आठवी आणि नववी उभी ओळ यांचा दुसरा ढीग करा. दोन्ही ढिगांत १ ते ९ चे प्रत्येकी चार संच आहेत. दोन्हींत सामाईक असलेली घरे काढून टाका. पहिल्या ढिगात मधल्या चौकोनाभोवतीचे १६ घरांचे कडे उरते, दुसऱ्यात तक्त्याच्या चार कोपऱ्यांतील २ × २ ची मिळून १६ घरे उरतात. सारखे ढीग, सारखीच वजाबाकी. म्हणून कड्यातले आणि कोपऱ्यांतले अंक तेच, आणि तितक्याच वेळा आलेले. हा नियम प्रत्येक सुडोकूला लागू आहे. साध्या सुडोकूत तो क्वचितच हाताशी येतो, पण किलरमध्ये कोपऱ्यांवर पिंजरे असले तर त्यांच्या बेरजा थेट कड्याच्या बेरजेत उतरतात.

एक उदाहरण करून पाहा. चारही कोपऱ्यांत चार घरांचा १० चा पिंजरा आहे अशी कल्पना करा. मग प्रत्येक कोपऱ्यात १, २, ३, ४, म्हणून कड्यातही फक्त १, २, ३, ४ च असले पाहिजेत. पण कड्याची वरची बाजू तिसऱ्या आडव्या ओळीतील सलग पाच घरांची आहे आणि तिथे पाच वेगळे अंक लागतात. पूर्ण भरलेले सुडोकू तक्ते एकूण ६,६७०,९०३,७५२,०२१,०७२,९३६,९६० आहेत, म्हणजे सहा हजार सहाशे सत्तर अब्ज-अब्जांहून अधिक. त्यांपैकी एकातही चारही कोपऱ्यांची बेरीज दहा-दहा नाही, आणि हे ठरवताना आपण कागदावर एकही अंक भरलेला नाही.